अमर नावाचा कुणीतरी

बेल्हे, १२ नोव्हेंबर २००७

ती. ऋषीदादांना अश्विनीचा नमस्कार.

तुम्ही इंग्लंडला गेलात तेव्हापासून आई भाकरी थापताना एकदा तरी म्हणते, "त्येला तिथं कोण करून घालत आसंल?" आबा बरे आहेत. माडी अजून रिकामीच आहे. दुसरा भाडेकरू ठेवायचं आईच्या मनात येत नाही.

ई-मेल सोडून पत्र का लिहिते, असं तुम्हाला वाटेल. चिमाजीशेठच्या नेट कॅफेत मी आता जात नाही. कॉलेजलाही सध्या जात नाही, घरी कांदा लागवड चालू आहे.

तुम्ही आमच्या माडीवर राहून, पोरं नेटवर नाव लपवून कोण होतात आणि तिथे काय बोलतात, याचा अभ्यास केलात. आई अजून गल्लीत सांगते, "आमचा ऋषी पोरांच्या खोट्या नावांची पीएचडी करतोय." तेव्हा मी हसायचे. आता तसलंच एक काम निघालंय, आणि यातलं कळणारं माझ्या ओळखीचं तुमच्याशिवाय कुणी नाही.

सगळी पोरं ज्या साइटवर असतात, तिथे माझ्या नावाचं एक प्रोफाइल आहे. मी उघडलेलं नाही. वर माझा फोटो आहे, ओझरला मामाच्या मुलीच्या लग्नातला, निळ्या साडीतला. मला हे कळलं ते असं. मागच्या महिन्यात कॉलेजच्या गेटवर एक माणूस मोटारसायकलवर आला. तिशीचा असेल, संगमनेरकडचा. हातात ड्रेसपीसची पिशवी. मला बघून हसला.

"आलो ना, तू म्हणलीस तसा?"

मी म्हटलं, "कोण तुम्ही?"

"आता लोकांदेखत वळख नको व्हय? नेटवर तर लई ग्वाड बोलती."

मैत्रीण जया बरोबर होती म्हणून बरं. तिने आरडाओरडा केला, पोरं जमली, तो पळाला. पण जाताना ओरडला, "फोटो लावून बोलावती आन वर बोंब मारती!" ते सगळ्या गेटने ऐकलं.

निमगाव सावाच्या लोकांनी माझ्या लग्नाची तारीख जरा पुढे ढकलली आहे. त्यांच्याकडे कुणीतरी आजारी आहे.

ते प्रोफाइल काढून कसं टाकायचं, तेवढं कळवा. उत्तर जयाच्या पत्त्यावर पाठवा, पत्ता खाली दिला आहे. फोन करू नका. फोन आता गोरखच्या खिशात असतो, आणि थोरला भाऊ म्हणून तो कसा तापतो, तुम्ही पाहिलंय.

तुमची,
अश्विनी


बेल्हे, ९ डिसेंबर २००७

ती. ऋषीदादा,

तुमचं पत्र पोचलं. तुम्ही सांगितलंत ते तक्रारीचं बटण जयाने आळेफाट्याच्या कॅफेतून दाबलं. बऱ्याचदा दाबलं, मैत्रिणींनाही दाबायला लावलं. इंग्रजीत आभार येतात. प्रोफाइल जागच्या जागी.

आबांबरोबर पोलीस चौकीतही जाऊन आले. तिथले साहेब वाईट नव्हते. अर्ज घेतला, चहा मागवला, पुण्याला पाठवावं लागेल म्हणाले. मग आबांना हळूच म्हणाले, "पोरीनं सोता तर नाय ना काढलं? घरी जरा नीट इचारा." आबांना गावात कुणी एकेरी हाक मारत नाही. ते टोपी मांडीवर घेऊन बसले होते. येताना जीपमध्ये ते पुढे ड्रायव्हरजवळ बसले, मी मागे. घरी आल्यावर आईला म्हणाले, "तिला इचार." आई विचारत नाही. पण मी दाराबाहेर पडले की कुठवर जाते ते बघत उभी राहते.

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. निमगाव सावाला कुणी आजारी नाही. मुलाच्या चुलतभावाने पुण्यात ते प्रोफाइल पाहिलं आणि लग्न मोडलं. कॉलेजही कांद्यासाठी बंद नाही झालं.

जयाने त्या प्रोफाइलची पानं छापून आणली, ती मी वाचली. घाणेरडं असेल असं वाटलं होतं. काही आहे तसं. पण बाकीचं वाचून मला जास्त भीती वाटली. ती अश्विनी लिहिते, तिला बी.ए. झाल्यावर पुण्याला शिकायचंय, पण घरी बोलायची हिंमत होत नाही. लिहिते, तिच्या कालवडीचं नाव मैना आहे आणि ती दुसऱ्या कुणाच्या हातची पेंड खात नाही. मैना खरंच माझ्याच हातचं खाते. हे लिहिणारा आमच्या गोठ्यापर्यंत येणारा आहे.

गोरखनेही तीच पानं वाचली. ओझरच्या लग्नाचे फोटो सीडीवर टाकायला आम्ही चिमाजीशेठच्या कॅफेत दिले होते आणि ते काम रोहिदासने केलं होतं. तोच रोहिदास, कॅफेत कामाला असणारा, तुम्हाला बोलायला पोरं गोळा करून द्यायचा. तो आणि त्याची आई गोजरबाई आंबेगावच्या डोंगरातून खाली आलेले. आमच्या शेतात कांदा काढायला दोघं यायचे, गोठ्यात शेण काढायला गोजरबाई यायची. गोरखला एवढं पुरलं.

बाजाराच्या दिवशी, जनावरांचे टेम्पो उभे असतात त्या मोकळ्या जागेत, गोरखने आणि त्याच्या मित्रांनी रोहिदासला धरलं. उजवा हात कोपरात मोडला. "भाऊ, म्या नाय, आईची आन, म्या नाय," असं तो ओरडत होता, आणि बैलं बघायला आलेली माणसं ते बघत होती. कुणी मध्ये पडलं नाही. कशासाठी मारतायत ते सगळ्यांना ठाऊक होतं, आणि सगळ्यांना ते बरोबरच वाटत होतं.

गोरख घरी आला, हातपाय धुऊन जेवायला बसला. "झालं काम," म्हणाला.

त्या दिवसापासून प्रोफाइल गप्प आहे. नवीन काही लिहिलं जात नाही. गोरख म्हणतो, "बघ. पटलं?"

मला काय पटलं ते मला सांगता येत नाही. फोटो अजून तिथेच आहे.

अश्विनी


बेल्हे, ४ जानेवारी २००८

ती. ऋषीदादा,

तुमचा छापून आलेला लेख मिळाला. आईने त्याला हळदकुंकू लावून देव्हाऱ्यापाशी ठेवला. आबांनी पानं उलटून बघितली, इंग्रजी म्हणून ठेवून दिली. "पोरगं नाव काढणार," म्हणाले. फार दिवसांनी ते हसलेले पाहिले.

दुपारी घरात कुणी नसताना मी डिक्शनरी घेऊन वाचायला बसले. बेल्ह्याचं तुम्ही सोनवाडी केलंय. आई झालीय घरमालकीण. तिने तुम्हाला मासवडी शिकवली तेही आहे. मला हसू येत होतं, खरंच. मग अमर आला.

अमर, वय वीस, घरचा ट्रॅक्टर. त्याची दोन प्रोफाइलं. एक स्वतःचं, तिथे कुणी फिरकत नाही. दुसरं गावातल्या एका मुलीच्या नावाचं, तिच्याच फोटोचं. अमर तुम्हाला सांगतो की माझ्याशी कोण बोलणार, पण तिच्या तोंडाने बोललो की लोक ऐकतात, आणि मग मलाही खरं बोलता येतं.

तुम्ही त्याच्याबद्दल किती मायेने लिहिलंय. त्याचा एकटेपणा, त्याची लाज, बापाचा धाक, शिकायचं राहून गेल्याची खंत. चार पानं. मुलीबद्दल एकच वाक्य आहे. त्या मुलीला याची कल्पना नाही.

ऋषीदादा, तिला आता कल्पना आहे.

मी ते वाक्य चुकीचं तर वाचत नाही ना, म्हणून जयाकडूनही वाचून घेतलं. ती म्हणाली, "अगं, म्हणजे त्यांना माहितीये कोण ते. त्यांच्यासमोर बसून बोललाय तो."

मला फक्त नाव सांगा. मी गोरखला सांगणार नाही. अमर तुम्हाला माहीत आहे, हेसुद्धा मी घरी बोललेले नाही. बोलले तर गोरख उद्या तुमच्या आईवडिलांच्या दारात पुण्याला जाऊन उभा राहील, आणि आई तो लेख देव्हाऱ्यातून काढून चुलीत घालील. दोन्ही मला नको आहे. घरात एवढी एक तरी गोष्ट चांगली राहू दे.

तुम्ही मला धाकटी बहीण म्हणायचात. बहिणीला नाव सांगा.

अश्विनी


बेल्हे, ३ फेब्रुवारी २००८

श्री. ऋषी यांस,

तुमचं पत्र मी इतक्या वेळा वाचलं की ते मला पाठ झालं. टेप चालू करायच्या आधी तुम्ही प्रत्येकाला शब्द दिला होता की खरं नाव कुणाला कळणार नाही. घरच्यांना नाही, पोलिसांना नाही. तो शब्द मोडला तर उद्या कुणी कुणाशी खरं बोलणार नाही, आणि गोरखच्या हातात ते नाव पडलं तर काय होईल हे मीच तुम्हाला लिहून कळवलंय. संमती घेतल्याशिवाय तुम्ही एक ओळ छापलेली नाही.

सगळं बरोबर आहे. पण संमती तुम्ही त्याची घेतलीत. फोटो माझा होता.

आणि तुम्ही असंही लिहिलंत की माणूस ओळखू येऊ नये म्हणून लेखातले तपशील बदललेले असतात. वय, घर, धंदा, सगळं. मी त्या ट्रॅक्टरला धरून बसले होते. अमरच्या घरी ट्रॅक्टर आहे आणि रोहिदासच्या घरी कोंबडीसुद्धा नाही, म्हणजे रोहिदास सुटला, असं मी मनाशी धरलं होतं. तेही तुम्ही काढून घेतलंत.

काल गोजरबाई आली होती. पायरीच्या खालीच उभी राहिली. आई म्हणाली, "वर ये की."

"नगं. हितंच बरं हाये."

आबा ओसरीवर होते. ती त्यांच्याकडे बघून बोलली, पण आवाज आत माझ्यापर्यंत यावा असा काढला. "आबा, पोराचा हात सरळ व्हत न्हाई. डाक्टर म्हणला आता आसाच ऱ्हायाचा. चिमाजीशेठनं कामावरून काढलं. आमी चाललो वर, आमच्या गावाला. जायाच्या आदी येक इचाराया आले."

आबा म्हणाले, "इचार."

"त्येनं केलं आसंल तर मोडला त्ये बरंच झालं, मी आई आसून म्हणती. पर केलंच नसंल तर?"

"मंग कुणी केलं?"

"मला काय ठावं? मला त्ये मशीन उघडाया तरी येतंय का?" मग तिने दारातून मला हाक मारली. "आशे, बाहीर ये. तू सांग. तुला काय वाटतं?"

मी बाहेर आले. ओसरीच्या खांबाला धरून उभी राहिले. माझ्याजवळ सांगण्यासारखं होतं आणि ते मला सांगता येत नव्हतं. अमरचं नाव घेतलं असतं तर तुमचं घ्यावं लागलं असतं. गोरख मागे येऊन उभा राहिला होता. आई म्हणाली, "तिला कशाला मधी घेती? तिनं काय कमी भोगलंय?"

गोजरबाई म्हणाली, "बरं." आणि गेली.

मी आता नाव मागत नाही. नाव तुमच्याकडेच ठेवा. फक्त एक सांगा की तो रोहिदास नाही. एवढंच एका कागदावर लिहून पाठवा, मी ते आबांना दाखवीन. कसं माहीत, विचारलं तर काहीतरी सांगीन. यात कुणाचं नाव उघडं पडत नाही.

अश्विनी


बेल्हे, २१ मार्च २००८

श्री. ऋषी यांस,

परवा ते प्रोफाइल गेलं. जयाने आळेफाट्याला बघितलं आणि धावत आली. फोटो, नाव, सगळं पुसलंय. आई म्हणाली, "इडापिडा टळली," आणि देवाला नारळ फोडला. गोरख गावभर सांगतोय की हातपाय मोडल्याशिवाय लोक सुधारत नाहीत.

ते कसं गेलं ते मी ओळखलं. तुम्ही त्याला लिहिलंत. तुम्ही लिहिलंत आणि त्याने ऐकलं. म्हणजे तो तुमचं ऐकतो. म्हणजे नोव्हेंबरातही ऐकलं असतं. पण नोव्हेंबरात, ते प्रोफाइल म्हणजे तुमच्या अमरचंच, हे तुमच्या लक्षात आलं नव्हतं, की आलं होतं आणि तुम्ही मला बटण दाबायला सांगितलंत?

माझ्या त्या एका ओळीच्या मागणीवर तुम्ही तीन पानं लिहिलीत. एकाबद्दल तो नाही म्हटलं की दुसऱ्याबद्दलही म्हणावं लागेल, आणि नाही नाही करत शेवटी जो उरेल तो उघडा पडेल. मी ते समजून घेतलं. समजत नाही असं नाही. एवढ्या लहान गावात तुम्ही किती पोरांशी बोललात ते गोरखलाही मोजता येईल. पण एक हात आधीच मोडलाय, तो कुठल्या हिशोबात धरायचा, ते त्या तीन पानांत नाही.

मला आणखी दोन गोष्टी विचारायच्या आहेत. तुम्ही आमच्याकडे जेवायला बसायचात, मी वाढायचे. तेव्हा तुम्हाला माहीत होतं का, की ती मुलगी मी आहे?

दुसरं विचारायला मला लाज वाटते. पण मी कुणाकुणाचा विचार करून बसले ते तुम्हाला कसं सांगू? गोरखचे मित्र. दूध न्यायला येतो तो. आतेभाऊ. जयाचा भाऊसुद्धा, ज्याच्या पत्त्यावर मी ही पत्रं मागवते. गोठ्यापर्यंत येणारे सगळे झाले. मग ध्यानात आलं की माडीवरून गोठा दिसतो.

अमर म्हणजे तुम्हीच नाही ना?

अश्विनी


बेल्हे, ११ मे २००८

ऋषीदादा,

तुमचं पत्र आलं. तुम्हाला किती लागलं ते अक्षरावरूनच कळलं. रागावू नका. मी विचारलं नसतं तर ते माझ्या डोक्यात किड्यासारखं राहिलं असतं.

तुम्ही लिहिलंत की मुलगी कोण ते तुम्ही मुद्दाम विचारलं नाही. त्याने स्क्रीन तुमच्याकडे वळवली तेव्हा तुम्ही दाखवू नको म्हणालात, कारण माहीत नसलेलं बरं, असंच शिकवलेलं असतं. आणि माझं पहिलं पत्र आलं तेव्हा तुम्हाला शंका आली, पण नुसती शंकाच, असं मनाला सांगून तुम्ही गप्प बसलात. मी यावर विश्वास ठेवते. खूप प्रयत्न करून ठेवते.

अमरची चार पानं प्रबंधातून काढून टाकलीत, असंही लिहिलंय. म्हणजे आता अमर तिथेही नाही, साइटवरही नाही. फक्त इथे आहे, आमच्या गावात कुठेतरी.

"मी अमर नाही." हे वाक्य तुम्ही खाली रेघ ओढून लिहिलंत. स्वतःसाठी तुम्हाला ते लिहिता आलं.

आता मी काय केलं ते सांगते. घरी जयाकडे राहायला जाते म्हणून सांगितलं आणि दोघी घोडेगावला गेलो. तिथे तिच्या मावशीकडे ती थांबली आणि मी एकटी एस.टी.ने वर गेले, डिंभ्याच्याही पुढे. रोहिदासचं घर विचारत विचारत सापडलं. अंगणात तो हिरडा वाळत घालत होता. डाव्या हाताने पसरायचा, उजवा हात पोटाशी धरलेला, बाळ धरावं तसा. मला बघून उभा राहिला. आधी रस्त्याकडे बघितलं, माझ्यामागे कोण आहे ते.

"ताई, तुमी कशाला आल्या? गोरखभाऊला कळलं तर?"

"एकटीच आलेय."

"आई रानात गेलीया. तिच्या समूर यायाचं नाय, ती बोलंल कायतरी." त्याने घरातून पाणी आणून दिलं. तांब्या डाव्या हातात होता, म्हणून ओशाळला. आमच्याकडे डाव्या हाताने पाणी देत नाहीत.

मी पाणी प्याले. वाटेत सगळं जुळवून ठेवलं होतं, ते काहीच आठवेना. म्हटलं, "रोहिदास, तू नव्हतास, एवढं सांगायला आले."

तो खाली बसून हिरडा सारखा करू लागला. मग म्हणाला, "सापडला का त्यो?"

"नाही."

"मंग तुमाला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही."

"मंग कसं ठावं?"

मी तुमचं नाव घेणार नव्हते. आणि घेऊन तरी काय सांगणार होते? तुम्ही मला काहीच सांगितलेलं नाही. मी म्हणाले, "माझा विश्वास आहे तुझ्यावर."

तो हसला. वर बघून, माझ्याकडे बघून हसला. ऋषीदादा, ते हसणं कसलं होतं ते मला कळलं नाही. सुटल्याचं होतं, की हिला आता काय सांगायचं असं होतं, की दुसरं काही. मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. इतक्या लांबून मी ते तोंड बघायलाच आले होते, की बघितल्याबरोबर कळेल. तिथे काहीच लिहिलेलं नव्हतं. माणसाचं तोंड असतं तसं होतं.

"लई उपकार झाले, ताई," तो म्हणाला. "आईला सांगीन. तिला बरं वाटंल."

"हो, सांग," मी म्हणाले.

माझा विश्वास आहे, हे मी त्याला खोटं सांगितलं. तो नसेल, असं मला वाटतं. पण असेल, हे मनातून जात नाही, आणि आता कधी जाईल असं वाटत नाही. त्याचं जात नाही, जयाच्या भावाचं जात नाही, तुमचं जात नाही. एकाचं नाव कळलं असतं तर बाकीचे सगळे मला परत मिळाले असते. तुम्ही एकाला सांभाळलंत. मी त्याला दोष देत नाही, तुम्हालाही देत नाही. कुणाला द्यायचा तेच मला कळत नाही.

आबांनी पारनेरकडचं एक स्थळ आणलंय. मुलगा बिजवर आहे. तिथे नेटबिट कुणाला माहीत नाही, असं आबा म्हणाले. मी हो म्हटलंय. यापुढे या पत्त्यावर लिहू नका.

परतीच्या एस.टी.ला गर्दी होती. उभं राहायलाही जागा नव्हती. खिडकीपाशी बसलेला एक मुलगा, असेल वीस-बावीसचा, मला बघून उठला. "बसा ना ताई," म्हणाला, आणि जागेवरची धूळ हाताने झटकून दिली. चांगल्या घरचा दिसत होता. अमरही तसाच दिसत असेल. बाकीचे म्हणाले, बस की बाई, पोरगं उठलंय तर. तो दांडा धरून उभा राहिला, मीही दांडा धरून उभी राहिले, आणि घोडेगाव येईपर्यंत ती जागा आमच्या दोघांच्या मध्ये रिकामी राहिली.

अश्विनी